किल्ली देणारा हात

पुण्यातील एका मोटारीची कायमस्वरूपी नोंदणी अवघ्या १,७५८ रुपयांसाठी अडून राहिली होती. मोटार परदेशी बनावटीची, किंमत कोटीच्या वर. ती विजेवर चालणारी असल्यामुळे रस्ता-कर माफ होता, उरले होते ते केवळ नोंदणीचे शुल्क, आणि तेवढे कोणी भरले नव्हते. अशा अवस्थेत ही मोटार रस्त्यावर आली आणि १९ मे २०२४ च्या पहाटे, अडीचच्या सुमारास, कल्याणीनगरच्या चौकात तिने एका दुचाकीला धडक दिली. दुचाकीवर मध्य प्रदेशातून नोकरीसाठी पुण्यात आलेले दोन संगणक अभियंते होते, एक तरुण आणि एक तरुणी, दोघेही चोविशीतील. दोघांचाही मृत्यू झाला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार मोटार चालविणारा मुलगा सतरा वर्षांचा होता. परीक्षेच्या निकालाचा आनंद साजरा करण्यासाठी तो मित्रांसह दोन मद्यगृहांत जाऊन आला होता, आणि त्यांपैकी पहिल्या ठिकाणी दीड तासात ४८,००० रुपयांचे बिल झाले होते, असे पोलीस आयुक्तांनी सांगितले.

व्यापारी घरातील माणसाला या दोन आकड्यांतील विसंगती ताबडतोब जाणवते. १,७५८ रुपये भरायला सवड नाही आणि ४८,००० खर्च करण्यावर कोणाची नजर नाही. खर्चाच्या वहीत असा उलटा हिशेब दिसला, तर जुन्या पेढीवरील मुनीमजींनी तो धन्यासमोर ठेवला असता. येथे वहीच नव्हती.

पुढचा तिसरा आकडा ७,५०० रुपयांचा. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी मुलाला तेवढ्या रकमेच्या बंधपत्रावर जामीन दिला, रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली, आणि मुलाला वाईट संगतीपासून दूर ठेवू अशी हमी आजोबांनी दिली. या निबंधावर देशभर संताप उसळला. तो रास्तच होता, परंतु त्या गदारोळात आजोबांच्या हमीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. बँकेच्या व्यवहारात हमीदाराला पहिला प्रश्न विचारला जातो तो असा, की ज्याची हमी घेता त्याच्या व्यवहाराची तुम्हांला माहिती आहे काय? नातू रात्री कोठे जातो, कोणाबरोबर जातो, काय पितो आणि घरी कशाने परत येतो, याची माहिती त्या घरात शनिवारी रात्री कोणालाही नव्हती, किंवा असून बोलण्याची इच्छा नव्हती. रविवारी मात्र हमीपत्र तयार होते.

त्यानंतर जे घडले ते मूळ अपघाताहूनही अधिक अस्वस्थ करणारे आहे. कुटुंबाच्या चालकाने गुन्हा स्वतःवर घ्यावा म्हणून त्याला डांबून ठेवल्याचा आरोप वडील व आजोबांवर आला. ससून रुग्णालयात मुलाच्या रक्ताचा नमुना फेकून देऊन त्याजागी दुसऱ्याचा ठेवण्यात आला, असा आरोप होऊन दोन डॉक्टर व एक कर्मचारी यांना अटक झाली. ते दुसरे रक्त मुलाच्या आईचे होते, असे पोलिसांचे म्हणणे असून तिलाही अटक झाली. मद्यगृहांचे मालक व व्यवस्थापकही गजाआड गेले. मुलाला निरीक्षणगृहात ठेवण्याचा आदेश बेकायदेशीर ठरवून मुंबई उच्च न्यायालयाने २५ जून २०२४ रोजी त्याची मुक्तता केली व ताबा आत्याकडे दिला. त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. बाकीचे प्रकरण न्यायप्रविष्ट आहे आणि दोषी कोण हे न्यायालय ठरवील. तथापि एवढे तर आजच दिसते, की एका मुलाच्या एका रात्रीमुळे आई, वडील आणि आजोबा अशा तीन पिढ्यांतील दोन पिढ्या कोठडीत जाऊन आल्या.

ही पुण्याची गोष्ट झाली. नाशिकच्या वाचकाला असे वाटणे स्वाभाविक आहे, की पोर्शे गाडी, मध्यरात्रीची मद्यगृहे, हे सारे आपल्या घरापासून फार दूर आहे. रविवार कारंजा, मेन रोड किंवा पंचवटीतील व्यापारी घरात आजही कांदा-लसूण वर्ज्य आहे, चातुर्मासात सूर्यास्तापूर्वी चौविहार होतो, मुले सुट्टीत पाठशाळेत जातात. अशा घरात मद्य कोठून येणार?

याचे उत्तर देण्यापूर्वी मद्य बाजूला ठेवून केवळ गाडीचा विचार करावा. दुपारी दुकानात गर्दी आहे, बँक बंद होण्यास पंधरा मिनिटे आहेत, आणि गल्ल्यावर बसलेले वडील दहावीतील मुलाला म्हणतात, ‘‘जा रे, ॲक्टिव्हावर जाऊन एवढा चेक टाकून ये.’’ आजींना स्थानकात सोडायचे आहे, गोदामाची किल्ली न्यायची आहे, द्वारकेवरून पार्सल आणायचे आहे. या प्रत्येक कामासाठी घरातील पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा हाताशी असतो आणि ‘फार हुशार आहे, चौदाव्या वर्षीच गाडी शिकला’ असे पाहुण्यांसमोर कौतुकाने सांगितले जाते. त्या कौतुकात मुलगा एक गोष्ट पक्की शिकतो. परवान्याचा कायदा हा इतरांसाठी असतो. पुढे कॉलेज रोडवर मित्रांच्या हाती पेला पाहताना त्याला वयाचा कायदा आठवावा, अशी अपेक्षा मग कोणत्या आधारावर करावयाची?

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यातील कलम १९९-अ प्रत्येक व्यापारी कुटुंबाने एकदा सावकाश वाचावे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. वाहन पालकाच्या संमतीनेच वापरले गेले, असे न्यायालय गृहीत धरते. आपल्याला माहीत नव्हते, किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचे ओझे पालकावर येते. ‘किल्ली टेबलावर होती, त्याने न विचारता उचलली,’ एवढे सांगून ते ओझे उतरेलच असे नाही.

‘मालक’ या शब्दाकडे एकत्र कुटुंबांनी विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे मोटार कधी आजोबांच्या नावावर असते, कधी करसवलतीसाठी पेढीच्या नावावर, तर कधी कर्ज ज्या भावाला सहज मिळाले त्याच्या नावावर. पुतण्याने गाडी काढली की कायदा काकांचे दार ठोठावू शकतो. गाडी भागीदारी संस्थेची असेल, तर भागीदारांवर जबाबदारी येण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. दिवाळीत वहीपूजनाला बसणाऱ्या किती भागीदारांनी पेढीच्या गाडीची किल्ली रात्री कोणाकडे असते, याची चौकशी केली असेल?

आता विम्याविषयी. ‘विमा आहे ना’ हे वाक्य या विषयात सर्वाधिक ऐकू येते आणि ते सर्वाधिक फसवे आहे. परवाना नसलेल्याने, मालकाला माहीत असताना, गाडी चालविली तर गाडीच्या नुकसानीचा दावा मान्य होत नाही. अपघातग्रस्ताच्या कुटुंबाला न्यायाधिकरणाच्या आदेशानुसार विमा कंपनी भरपाई देते, परंतु ती रक्कम नंतर मालकाकडून वसूल करण्याचा अधिकार तिला मिळू शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ सालच्या स्वर्णसिंग निकालापासून ही दिशा स्पष्ट आहे.

रक्कम किती असू शकते, याचा अंदाज कागद-पेन्सिल घेऊन करता येतो. समजा, मृत तरुण चोवीस वर्षांचा, अविवाहित, करवजा उत्पन्न महिना ५०,००० रुपये. वार्षिक ६ लाख. स्वतःचा व्यवसाय असल्यास भावी वाढीचे ४० टक्के धरून ८ लाख ४० हजार. कायम नोकरी असेल तर हा वाढावा ५० टक्के असतो. अविवाहिताचा वैयक्तिक खर्च निम्मा वजा केला की राहतात ४ लाख २० हजार. या वयासाठी सर्वोच्च न्यायालयाने ठरविलेला गुणक १८ आहे. गुणाकार ७५ लाख ६० हजार होतो, आणि इतर किरकोळ बाबी व व्याज वेगळे. मध्यम व्यापाऱ्याचे दुकान, माल आणि उधारी एकत्र केली तरी अनेकदा एवढी बेरीज होत नाही. हा हिशेब लिहिताना संकोच वाटावा असाच आहे, कारण समोरच्या घरात त्या रकमेने काहीही परत येत नाही. परंतु ज्या घरात प्रत्येक जोखमीचे मूल्य काढण्याची सवय आहे, तेथे याच एका जोखमीचे मूल्य कधी काढले जात नाही.

मद्याच्या प्रश्नाकडे यावे लागते ते येथे. महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय २१ आणि कडक मद्यासाठी २५ आहे. देशातील कडक मर्यादांपैकी ही एक, आणि तितकीच दुर्लक्षित. अल्पवयीनाला मद्य देणाऱ्यास बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ‘देणारा’ म्हणजे केवळ मद्यगृहाचा मालक असे कायदा म्हणत नाही. विवाहाच्या आदल्या रात्री शहराबाहेरच्या रिसॉर्टवर जे ‘संगीत’ होते आणि ज्याच्या मागच्या अंगणात मोठ्या मंडळींच्या नकळत (किंवा त्यांनी नकळत राहणे पसंत केल्यामुळे) एक वेगळे टेबल मांडलेले असते, तेथे सोळा वर्षांच्या मावसभावाच्या हाती पेला देणारा थोरला भाऊही त्या कलमात बसतो. पत्रिकेवर वर नवकार मंत्र छापलेला असतो. त्याच विवाहातील हे टेबल कोणाच्या खर्चाने मांडले गेले, हा प्रश्न विचारण्याचे धैर्य समाजातील ज्येष्ठांनी दाखवावयास हवे, आणि ते फारसे दिसत नाही.

नाशिकची म्हणून एक वेगळी अडचण आहे. गंगापूर धरणाच्या परिसरात व दिंडोरीकडे गेल्या पंचवीस वर्षांत द्राक्षमद्याचा उद्योग उभा राहिला. राज्य शासनाने २००१ साली त्यासाठी स्वतंत्र धोरण आणले, शेतकऱ्याला बाजार मिळाला, पर्यटक आले. त्याचे आर्थिक मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु २०२२ च्या आरंभी मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असा युक्तिवाद सार्वजनिक व्यासपीठावरून झाला होता. विरोधामुळे तो निर्णय अमलात आला नाही, युक्तिवाद मात्र मुलांच्या कानी राहिला. रसायनशास्त्र त्याला दुजोरा देत नाही. १५० मिलिलिटर वाइनच्या पेल्यात सुमारे १४ ग्रॅम अल्कोहोल असते, आणि ४५ मिलिलिटर व्हिस्कीत किंवा बिअरच्या लहान बाटलीतही जवळजवळ तेवढेच. सडपातळ मुलाने उपाशीपोटी एक पेला घेतला तरी त्याच्या रक्तातील प्रमाण १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम या कायदेशीर मर्यादेच्या आसपास जाऊ शकते. शरीर ते तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या गतीने कमी करते. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याने स्नान, यांपैकी कशानेही ती गती वाढत नाही. धोका ओळखून स्वतःला आवरणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत पूर्ण विकसित होत नाही, असे वैद्यकशास्त्र सांगते, आणि मद्य सर्वप्रथम त्याच क्षमतेला बधिर करते. जी गोष्ट अजून नीट तयार झालेली नाही, तीच आधी काढून घेतली जाते.

अमेरिकेने हा धडा मोठ्या किमतीत घेतला. कॅलिफोर्नियात १९८० साली तेरा वर्षांची एक मुलगी मद्यपी चालकाच्या गाडीखाली मरण पावली. तिच्या आईने इतर मातांना एकत्र करून चळवळ उभारली, आणि १९८४ साली तेथील केंद्र सरकारने मद्यासाठी २१ वर्षांची किमान मर्यादा सर्व राज्यांना मान्य करावयास लावली. ज्या देशाला आपण स्वैर म्हणतो, तेथे आज एकविशीच्या आतील चालकाच्या श्वासात मद्याचा अंशही चालत नाही.

जैन श्रावकाला यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नव्हती. सप्तव्यसनांत मद्य आहे. आचार्य समंतभद्रांनी आणि आचार्य अमृतचंद्रांनी सांगितलेल्या श्रावकाच्या मूलगुणांत मद्यत्याग आहे. मद्याने चित्त मोहित होते, मोहित चित्त धर्म विसरते आणि धर्म विसरलेला निःशंकपणे हिंसा करतो, ही अमृतचंद्रांची कारणमीमांसा कल्याणीनगरच्या चौकात जशीच्या तशी लागू पडते. हे सारे प्रवचनातून ऐकलेले असते. त्यामानाने कमी ऐकले जाते ते अनर्थदंडाविषयी. विनाकारण होणाऱ्या पापाचे जे प्रकार शास्त्रकारांनी सांगितले, त्यांत ‘हिंसादान’ हा एक आहे: शस्त्र, विष, अग्नी यांसारखी हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे. ती यादी तयार झाली तेव्हा मोटार नव्हती. आज ती यादी करणाऱ्याने पहिल्या पाचांत कोणते साधन लिहिले असते, हे सांगण्यास पंडिताची गरज नाही.

सामायिकाला बसताना श्रावक जे पच्चक्खाण घेतो, त्यात पाप ‘करणार नाही’ आणि ‘करविणार नाही’ अशा दोन गोष्टी असतात. ‘करणाऱ्याला अनुमोदन देणार नाही’ ही तिसरी पायरी साधूंची. कलम १९९-अ हे अगदी पहिल्या दोन पायऱ्यांवर उभे आहे: करणारा मुलगा, करविणारा पालक. संसदेने श्रावकाकडून साधूची पायरी मागितलेली नाही. चौदाव्या वर्षी गाडी शिकल्याचे पाहुण्यांसमोरील कौतुक मात्र थेट तिसऱ्या पायरीवर जाऊन बसते.

तरीही केवळ धाक आणि पच्चक्खाण यांवर हा प्रश्न सुटेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. उलट, कडक आचाराच्या घरात एक वेगळाच धोका संभवतो, आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. ज्या घरात मद्याचा उच्चारही पाप मानला जातो, त्या घरातील मुलाने मित्रांच्या आग्रहाखातर एकदा चूक केली, तर रात्री साडेबाराला गंगापूर रोडवर उभा राहून तो कोणाला दूरध्वनी करणार? वडिलांना केला तर काय होईल, हे त्याला ठाऊक आहे. आजीच्या कानी गेले तर ती आयंबिल सुरू करील. समाजात कळले तर बहिणीच्या सोयरिकीवर परिणाम होईल, असे त्याला वर्षानुवर्षे ऐकवलेले आहे. या सर्वांहून त्याला एक मार्ग सोपा वाटतो: गाडी सुरू करावी, तोंडात बडीशेप टाकावी, हळूच घरी येऊन झोपावे. त्याला गाडीवर बसविते ती केवळ मद्याची नशा नसते, घरची भीतीही असते.

आपल्याच परंपरेत याला उत्तर आहे आणि ते दंडाचे नाही. आलोचनेसाठी आलेल्या शिष्याचे गुरू शांतपणे ऐकतात. दोष लहान असो वा मोठा, सांगणाऱ्यावर ते संतापत नाहीत आणि ऐकलेले कोणाला सांगत नाहीत. प्रायश्चित्त देतात, परंतु ऐकून झाल्यावर. हे न पाळले तर दुसऱ्या वेळी शिष्य येणारच नाही, हे शास्त्रकारांनी ओळखले होते. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’चे संदेश शेकडो जणांना जातात. आपल्या सोळा वर्षांच्या मुलाला समोर बसवून, त्याने काही सांगावे आणि आपण न रागावता ऐकावे, असा अर्धा तास त्या दिवशी किती घरांत काढला जातो?

काही घरांनी या बाबतीत साधे नियम केलेले आढळतात. अठराव्या वर्षापूर्वी चेक टाकण्यासाठीही दुचाकी मिळत नाही, नोकर जातो किंवा मुलगा सायकलने जातो. गाड्यांच्या किल्ल्या रात्री दहानंतर दुकानाच्या किल्ल्यांबरोबर एकाच कपाटात जातात. ज्या घराने साठ वर्षे तिजोरीची किल्ली उघड्यावर ठेवली नाही, त्याला हे अवघड जाऊ नये. आणि मुलांना एक शब्द दिलेला असतो: कितीही वाजलेले असोत, कोठेही असा, कोणत्याही अवस्थेत असा, किंवा गाडी चालविणारा मित्र त्या अवस्थेत असो, दूरध्वनी करा. न्यायला कोणीतरी येईल आणि सकाळपर्यंत एकही प्रश्न विचारला जाणार नाही.

हा दूरध्वनी कोणाला करायचा, हे मुलांनाच ठरवू द्यावे लागते. बहुतेक मुले वडिलांचे नाव घेत नाहीत. धाकट्या काकांचे घेतात, मामांचे घेतात, एखादी मुलगी आत्याचे घेते. वडिलांना त्याचे क्षणभर वाईट वाटते. मग ते काकांना एवढेच सांगतात, की रात्री भ्रमणध्वनी बंद ठेवू नकोस.